फुलपाखरं हवीत, मग अळ्यांचं काय?



परवा मंदिरातून निघताना दोघी-तिघींनी थांबवून विचारलं, "तुमच्या अंगणात एवढी फुलपाखरं कशी गं येतात? आम्ही झेंडू लावतो, गुलाब लावतो, पण एखादंच येतं आणि भिरभिरून निघून जातं." मी उभ्या उभ्या चार फुलझाडांची नावं सांगितली आणि निघाले. पण घरी येईपर्यंत मनाला लागून राहिलं की आपण अर्धंच सांगितलं. फुलांचं सांगितलं, अळ्यांचं सांगितलंच नाही. माझ्या बागेची खरी गोष्ट अळ्यांचीच आहे, आणि त्यात माझ्या हातून जे घडलं तेही आहे. म्हणून आज सगळं लिहून टाकते.

आमचं घर सावंगीला, मेडिकल कॉलेजकडच्या एका लेआउटमध्ये. इथे निम्म्या घरांच्या वरच्या मजल्यावर विद्यार्थी भाड्याने राहतात, तसे आमच्याकडेही राहतात. जमीन काळी. पावसाळ्यात पाय रुतेल एवढा चिखल, आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा. घर बांधलं त्या वर्षी समोर एक लिंबाचं रोप लावलं आणि मागच्या दाराशी कढीपत्ता. बाग म्हणावी असं तेव्हा एवढंच होतं. बाकी तुळस, सदाफुली आणि देवाला लागणारी चार फुलं.

लिंबाने चांगला जोर धरला, आणि एका आषाढात सासूबाईंनी हाक मारली, "अगं, पाखरांनी पार घाण केली बघ पानांवर." पाहिलं तर खरंच, कोवळ्या पानांवर पक्ष्याची शीट पडावी तसे काळपट-पांढरे ठिपके. मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले आणि ती शीट चालायला लागली! मी फडकं टाकून मागे झाले. आमची लेक हसून हसून पडली. नंतर कळलं की या अळ्या लहान असताना मुद्दाम तशाच दिसतात, म्हणजे पक्ष्याला वाटावं ही तर विष्ठा आहे, आणि त्याने चोच लावू नये. मोठ्या झाल्या की त्याच अळ्या पानासारख्या हिरव्यागार होतात. बोट लावलं तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. पण हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की आठ दिवसांत लिंबाच्या शेंड्यांच्या नुसत्या काड्या राहिल्या आहेत.

आता जे लिहिते ते सांगायला मला सोपं नाही. बागेच्या कामाला महिन्यातून दोनदा एक भाऊ येतात. त्यांना मी म्हटलं, "भाऊ, या अळ्यांचं काहीतरी करा." मी 'मारा' म्हटलं नाही. आपण बायका तो शब्द तोंडाने उच्चारत नाही. घरात झुरळ निघालं तरी 'बघा जरा' म्हणतो आणि दुसऱ्या खोलीत जातो. मीही आत जाऊन कणीक मळत बसले. बाहेर पंपाचा आवाज ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली मुंग्यांची रांग लागलेली होती आणि मुंग्या काय ओढून नेत होत्या ते मी पाहिलं. कृत, कारित आणि अनुमोदना, हे तिन्ही आपल्याला पाठशाळेपासून पाठ असतं. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेलं पाहून बरं वाटलेलं, तिन्हीचा दोष आपल्याच खात्यावर. माझं तर एका वाक्यात कारितही झालं आणि अनुमोदनाही. त्या दिवशी चतुर्दशी होती हे मला संध्याकाळी आलोचना पाठ म्हणताना आठवलं.

पुढच्या वर्षी मी ठरवलं की औषध नाही. मग काय करायचं? केर भरायची सुपली घ्यायची, रांगोळीसाठी आणलेला मऊ कुंचला घ्यायचा, एकेक अळी अलगद सुपलीत घ्यायची आणि वॉल कंपाउंडच्या पलीकडे मोकळ्या प्लॉटमध्ये सोडायची. तिकडे गाजरगवत, तरोटा, रुई असं रानच माजलेलं. मला वाटायचं, एवढा हिरवा पाला आहे, खातील की पोटभर. साधू पिच्छीने जागा झाडून मग बसतात तसा माझा तो कुंचला, असंही मनात यायचं. खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानच होता. महिला मंडळात जीवदयेचा विषय निघाला तेव्हा मी हे उदाहरण म्हणून सांगितलं होतं, आणि तीन जणींनी घरी जाऊन तसंच करायला सुरुवात केली. त्या पावसाळ्यात पन्नास-साठ अळ्या तरी मी भिंतीपलीकडे सोडल्या असतील.

वरच्या मजल्यावर तेव्हा सांगलीकडची एक मुलगी राहायची, डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी कॉलेजला निघताना तिने मला भिंतीशी सुपली घेऊन उभी पाहिलं. "काकू, काय टाकताय?" मी कौतुकाने दाखवलं. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "काकू, ही लाइम बटरफ्लायची अळी आहे. ही तिकडे मरेल."

मी म्हटलं, "का गं? एवढं गवत आहे की."

"ती गवत खात नाही. लिंबाच्या कुळातलाच पाला खाते. लिंबू, संत्रं, बेल, कढीपत्ता. दुसरं काही तोंडात घेणार नाही. उपाशी मरेल."

ती घाईत होती, निघून गेली. मी सुपली घेऊन तशीच उभी. त्या सुपलीतल्या चार अळ्या परत लिंबावर ठेवल्या, हे पहिलं. मग आत आले, पण कामात लक्ष लागेना. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अंग कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. हा पाचवा आपल्याला नेहमी गायीबैलांच्या किंवा फार तर घरकामाला येणाऱ्या बाईच्या संदर्भात सांगितला जातो. मी पन्नास-साठ जीवांचं अन्न तोडलं होतं, तेही कुंचल्याने, हळुवार. औषधाने एका रात्रीत झालं असतं ते भिंतीपलीकडे दोन-तीन दिवस चाललं असेल. आणि मी ते मंडळात सांगून आणखी तिघींकडून करवलं होतं.

दुपारी सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, जाऊ दे, अजाणतेपणी झालं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "जीवाणी ज्या विहिरीची, त्याच विहिरीत. हे तुला माहीत नव्हतं का?"

नव्या पिढीतल्या मुलींसाठी सांगते. आपल्याकडे पाणी गाळून घेतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण गाळून झाल्यावर फडक्यावर जे राहतं, डोळ्यांना न दिसणारे जीव, ते गाळलेल्याच पाण्याने हळूच धुऊन घ्यायचं. त्या धुवणाला जीवाणी म्हणतात. ती गटारात टाकायची नाही आणि दुसऱ्या विहिरीतही टाकायची नाही. जिथलं पाणी काढलं तिथेच परत सोडायची, कारण एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगेलच असं नाही. सासूबाईंचं माहेर आर्वीकडचं. त्यांच्या वाड्यातल्या विहिरीला त्यासाठी वेगळी बादली असायची, बुडाला कडी असलेली. जीवाणी वरून ओतली तर पडण्याच्या धक्क्यानेच जीव मरतील, म्हणून बादली पार पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची आणि मग बुडाच्या कडीला बांधलेली दोरी ओढून ती तिथेच उलटी करायची. त्यांच्या आजी गुडघे दुखत असले तरी हे काम सुनांवर सोडत नसत.

आता आमच्या घरी नळ आणि फिल्टर. मी जीवाणी कधी सोडलीच नाही, फक्त ऐकलं. तोंडपाठ असलेला नियम कुठे लागू होतो ते कळायला परक्या गावची मुलगी यावी लागली. जीवाणीची विहीर ठरलेली असते तसं अळीचं झाड ठरलेलं असतं. एवढं कळलं तरच फुलपाखरांची बाग जमते.

त्या मुलीने मग रविवारी बसून मला बरंच दाखवलं. फुलपाखराची मादी अंडी घालायला येते तेव्हा पानावर पुढचे पाय आपटते. ते पाय आपटणं म्हणजे चव घेणं. तिला चव पायाने कळते! आपण रसनेंद्रिय म्हटलं की जीभच समजतो. पान योग्य असलं तर त्यावर एक अंडं, मोहरीहून लहान, फिकट पिवळं. तीन-चार दिवसांत अळी. मग दोन-अडीच आठवडे नुसतं खाणं, चार वेळा कात टाकणं आणि शेवटी काडीला रेशमाच्या एका धाग्याने स्वतःला बांधून कोष. त्यातून आठ-दहा दिवसांनी ते काळ्या पंखांवर पिवळे ठिपके असलेलं फुलपाखरू, मागच्या पंखाच्या कडेला तांबूस टिकली लावलेलं. अंडं ते फुलपाखरू, जेमतेम महिनाभराचं काम. अळी झाडाला मारत नाही, हेही मी त्या वर्षी पाहिलं. काड्या राहिलेल्या शेंड्यांना पंधरा दिवसांत नवी पालवी फुटली.

तुम्हाला झेंडू-गुलाबाला फुलपाखरं का येत नाहीत त्याचं उत्तरही तिच्याकडेच मिळालं. बाजारातल्या भरगच्च पाकळ्यांच्या गुलाबात मध असा नसतोच. भरलेल्या फुलांपेक्षा साधी, एकेरी पाकळ्यांची फुलं त्यांना सोपी पडतात. माझ्याकडे सर्वांत जास्त गर्दी असते ती पेंटासवर आणि जिनियावर. एक्झोरा, सदाफुलीही चालते. आणि सगळ्यांत आवडती कोणती म्हणाल तर आपण उपटून टाकतो ती एकदांडी. ती पिवळ्या-पांढऱ्या बारीक फुलांची, भिंतीच्या कडेने आपोआप उगवते ती. घाणेरीवर फुलपाखरं खूप येतात म्हणून काही जण ती लावायला सांगतात, पण ती परदेशातून आलेली आहे आणि एकदा पसरली की दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाही. मी लावली नाही. फुलं उन्हात हवीत. सकाळी पंख तापल्याशिवाय फुलपाखराला नीट उडता येत नाही.

फुलांवर बसलेलं फुलपाखरू पाहिलं की मला हमखास मुनी महाराजांचा आहार आठवतो. त्याला भ्रामरी वृत्ती म्हणतात ना, भुंगा जसा फुलाला न दुखवता थोडं घेतो तसं श्रावकाला न दुखवता घ्यायचं. पण गंमत बघा, तेच फुलपाखरू लहानपणी संपूर्ण झाड ओरबाडून खात होतं! हे मी सासूबाईंना म्हटलं तर म्हणाल्या, "मग? महाराजही आधी संसारातच होते की."

तर फुलं हा पाहुण्यांचा चहा. राहायला यायला हवं तर अळ्यांचं झाड लागतं. लिंबू, कढीपत्ता आणि बेल असला तर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन नक्की येतात. आपल्या महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, राज्य फुलपाखरू ठरवणारं देशातलं पहिलं राज्य आपलं. त्याच्या अळ्याही याच कुळातल्या पानांवर वाढतात. तो सह्याद्रीकडे जास्त, माझ्या लिंबावर अजून आलेला नाही, पण सांगता येत नाही. रुईवर प्लेन टायगर. रुईचा चीक विषारी, तो अळीच्या अंगात भिनतो आणि मग पक्षी त्या केशरी फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. डॅनैड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी हुबेहूब त्याच्यासारखं सोंग घेते, विष अंगात नसताना! तिच्या अळ्या घोळ खातात, म्हणून कुंडीत आलेली घोळ मी आता काढत नाही. तरोट्यावर छोटी पिवळी ग्रास यलो. एरंडीवर कॉमन कॅस्टर. सरळसोट वाढणारा तो खोटा अशोक असतो ना, बंगल्यांच्या कडेला, त्यावर हिरव्या ठिपक्यांचं टेल्ड जे. कण्हेरीवर कॉमन क्रो, आणि त्याचा कोष एकदा पाहाच. चांदीचा लोलक टांगावा तसा चकाकतो. सासूबाईंना तो दाखवायला खुर्चीसकट उचलून नेलं होतं. कण्हेर आणि रुई दोन्ही विषारी आहेत, घरात रांगतं मूल असेल तर मात्र लावू नका.

यातली निम्मी झाडं मी लावलेलीच नाहीत. रुई, तरोटा, एरंडी, एकदांडी भिंतीपलीकडून आपोआप आली आणि मी फक्त काढली नाहीत. ठाण्याला बहिणीकडे गेले होते तेव्हा ती मला घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला राजेंद्र ओवळेकरांच्या वाडीत घेऊन गेली होती. त्यांनी आपल्या घरच्या शेतीच्या जागेवर फुलपाखरांसाठी उद्यान केलं आहे. तिथेही हेच पाहिलं, फुलांइतकाच अळ्यांच्या झाडांना मान. आयझॅक किहिमकरांचं भारतातल्या फुलपाखरांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक बहिणीने तिथून आल्यावर मला भेट दिलं. चित्रं पाहून ओळखायला ते पुरतं.

पण बागेच्या पुस्तकांत जे जे सांगतात ते सगळं आपल्या घरात चालत नाही. पिकून सडलेली केळी ताटलीत ठेवा, काही फुलपाखरं त्यावर येतात, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. येतात, खरं आहे. पण एका फुलपाखरासाठी त्या सडक्या फळात किती जीव जन्माला घालायचे आणि मग ती ताटली धुताना त्यांचं काय करायचं? नाही ठेवत. मधाचं पाणीही नाही, ते तर बोलायलाच नको. उथळ भांड्यात पाणी ठेवा म्हणतात, त्यात चार दिवसांत डासांच्या अळ्या होतात. त्याऐवजी मी एका परातीत माती ओली करून ठेवते. नर फुलपाखरं त्यावर बसून मातीतले क्षार शोषतात. पाणी साचत नाही आणि काम होतं. सासूबाईंचा आग्रह असतो की त्या मातीलाही गाळलेलंच पाणी. लेकीला काचेच्या बरणीत अळी पाळायची होती, तिच्या मैत्रिणीने पाळली होती म्हणून. तिला मी पाच अतिचारांतला पहिला सांगितला. ती रुसली, मग झाडाखाली स्टूल टाकून बसायला लागली.

चातुर्मासात आम्ही माती खणत नाही. जे लावायचं ते ज्येष्ठात, पहिल्या पावसाआधी. त्यानंतर फक्त पाहायचं. आणि चातुर्मासात आपण पालेभाजी खात नाही, आमच्याकडे कढीपत्तासुद्धा बंद असतो. वर्ध्याच्या उन्हाळ्यात जवळजवळ गायब असलेली फुलपाखरं नेमकी तेव्हाच परत येतात, श्रावणापासून कार्तिकापर्यंत त्यांचा बहर. आम्ही पाला सोडतो त्या चार महिन्यांत तो दुसऱ्यांच्या पोटात जातो. पूर्वी दिवाळीनंतर कढीला पुरेसा कढीपत्ता नसला की माझी चिडचिड व्हायची.

सगळं गोडच आहे असं समजू नका. गेल्या भाद्रपदात लिंबावर एक कोष होता. लेक रोज शाळेतून येऊन त्याला पाहायची. एक दिवस तो काळसर झाला, तिला वाटलं आता फुलपाखरू निघेल. निघाल्या त्या बारीक बारीक गांधीलमाश्या, मुंगीपेक्षाही लहान. त्यांनी फुलपाखराच्या शरीरातच अंडी घातलेली होती. लेक रडली. मलाच कसंतरी झालं. शिवाय बुलबुल आहेत, त्यांची पिल्लं घरट्यात असली की दिवसभर अळ्या नेतात. "आई, जाळी लावू या ना," लेक म्हणाली. मी नाही लावली. अळी वाचवायची तर बुलबुलाच्या पिल्लाचं अन्न तोडायचं, पुन्हा तोच पाचवा अतिचार. मी कोणाची बाजू घेत नाही. हे तिला पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर रात्री मलाही पूर्ण पटत नाही. वीस अंड्यांतून एखाद-दुसरं फुलपाखरू उडतं. मी बागेला जेवढं देऊ शकते ते एवढंच की माझ्या हातून त्यांतलं एकही कमी होऊ नये.

दशलक्षणात दुसऱ्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा दुसरा अध्याय झाला. कृमी, मुंगी, भुंगा, माणूस अशी एकेक इंद्रिय वाढत जाणारी ती पायरी आली तेव्हा मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. फुलपाखरू भुंग्याच्या पायरीवर, चार इंद्रियांचं, यात वाद नाही. पण अळी? मी म्हणते कृमीच्या जवळ. सासूबाईंना ते मान्य नाही. वरच्या मुलीने सांगून ठेवलंय की अळीच्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी सहा-सहा बारके डोळे असतात, उजेड-अंधार त्यांना कळतो. "मग चौथं इंद्रिय आहेच की," असं सासूबाईंचं म्हणणं. आमचा हा वाद अजून चालू आहे.

क्षमावाणीच्या दिवशी मी मंडळातल्या त्या तिघींची क्षमा मागितली आणि सुपलीचं काय चुकलं ते सांगितलं. त्या हसल्या, पण एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी आले तर भाऊ बागेत कामाला होते. सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले होते, आणि ज्यांच्या हातात मी तो पंप दिला होता त्यांनाच कधी काही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी फवारून झाल्यावर त्यांनी नळावर बराच वेळ डोळे धुतले होते, तेही मी खिडकीतून पाहिलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, तेव्हा तुम्हाला ते औषध मारायला लावलं, माझं चुकलं. क्षमा करा."

त्यांना काही कळेना. "काहून जी ताई? मी तं सीझनमध्ये रोजच फवारतो. तुमचं तं एकच झाड होतं."

भाऊ कपाशीच्या दिवसांत फवारणीच्या मजुरीला जातात. आमच्या भागात अळी म्हटलं की कोणाला फुलपाखरू आठवत नाही, बोंडअळी आठवते. माझं माहेर हिंगणघाटकडचं, घरची शेती कपाशीची, माझं शिक्षण आणि लग्न त्याच कपाशीवर झालं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचीही बोंडं पोखरली, आणि त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. माझा भाऊ म्हणतो, ताई, तुझं लिंबाचं ठीक आहे, आमचं घर पाच एकरांवर चालतं. त्याला काय उत्तर द्यायचं ते मला माहीत नाही. अंगावर सुती साडी नेसून मी त्याच्याशी वाद घालू शकत नाही. भाऊंना मात्र मी तोंडाला बांधायचा चांगला मास्क, हातमोजे आणि डोळ्यांचा चष्मा आणून दिला. घालतात की नाही कोण जाणे. उन्हात गुदमरायला होतं म्हणतात.

या वर्षी आषाढातली गोष्ट. सकाळी सामायिक करून उठले तर फाटक वाजलं. दारात भाऊ, त्या दिवशी त्यांची आमच्याकडची पाळी नव्हती. हातात लिंबाच्या तोडलेल्या फांद्या, वर्तमानपत्रात धरलेल्या. दोन गल्ल्या सोडून एका बंगल्यात त्यांना फवारायला सांगितलं होतं. फवारण्याआधी त्यांनी अळ्या असलेल्या फांद्या तेवढ्या छाटून आणल्या होत्या.

"ताई, ह्या ठेवता का तुमच्या झाडावर?"

अकरा होत्या. आम्ही दोघांनी मिळून फांद्या आमच्या लिंबाला सुतळीने बांधल्या, म्हणजे त्या आपल्या आपण नव्या पानांवर जातील. सासूबाई ओट्यावर बसून मोजत होत्या. तेव्हापासून ते तीनदा आले आहेत. लिंबाला या वर्षी वरच्या बाजूला पान उरलेलं नाही. सरबताला लिंबं बाजारातून आणतो आहोत, आणि भाऊंना मी सांगितलंय की पुढच्या ज्येष्ठात मागच्या भिंतीशी आणखी दोन लिंबं लावायची आहेत.